दहावा भाग छान आहे

आमच्या घरात पुस्तक आवडलं असं तोंडाने म्हणायची पद्धत नाही. माझे यजमान निवृत्त मास्तर, आणि मास्तरकी काही अंगातून गेलेली नाही. आवडलेलं पुस्तक हे पुन्हा पुन्हा वाचतात आणि दर खेपेला त्यात नवी खोट काढतात. नावडलेलं एकदाच वाचतात आणि मग आठवडाभर त्याच्या नावाने शंख करतात. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं होतं, या माणसाला जगात काही आवडतच नाही. मग हळूहळू कळलं की ज्यात हे खोट काढतात तेच ह्यांचं लाडकं. त्या हिशेबाने माझेही लाड पुष्कळ झाले.

सगळ्यात जास्त खोट ह्यांनी एका जादूच्या पुस्तकमालिकेत काढली. मुलगी चौथीत असताना मालिकेचा पहिला भाग घरात आला आणि आम्हा तिघांनाही त्याने वेड लावलं. समुद्रातल्या बेटांचं एक राज्य, वारे गाठीत बांधून ठेवणारी मुलगी, आणि पाण्याची चव घेऊन जमीन कुठे आहे ते सांगणारा आंधळा तांडेल. रत्नागिरीत राहून होड्या आणि त्या हाकणारे तांडेल आम्ही रोजचे बघतो, तरी त्याच्यासारखा कोणी बघितला नव्हता. चौथ्या भागात तो वादळात बुडाला. मुलगी ओक्साबोक्शी रडली, मी पदराने डोळे पुसले आणि हे पंप बघून येतो म्हणून बागेत निघून गेले. पंप दुपारीच बंद केलेला होता.

पाचव्या भागापासून मात्र लेखकाचं काहीतरी बिनसलं. दमला, की विकायची चटक लागली, देव जाणे. भाग जाडजूड व्हायला लागले आणि गोष्ट जागची हलेना. नवा भाग आला की आधी हे वाचणार, मग मी, आणि मग पडवीत चहा घेऊन त्याची चिरफाड, हा आमचा रिवाज. "सहाव्यात साका धरलाय गो," असा ह्यांनी निकाल दिला होता, आणि सातव्याला, आठव्याला तोच निकाल कायम केला होता. तरी पुढचा भाग यायचा थांबला नाही आणि आमचा मागवायचाही.

साका म्हणजे काय ते आंब्याच्या मुलखाबाहेरच्यांना सांगायला हवं. हापूस बाहेरून पिवळाधमक असतो, घरभर वास सुटलेला असतो, बोट लावावं तर हवा तसा मऊ लागतो. कापला की आत पांढरट, भुसभुशीत, ना आंबट ना गोड असा भाग निघतो, तो साका. आंबा कापेपर्यंत कुणालाच कळत नाही, म्हणून कापणारी बाई बघते आणि ती फोड बाजूला टाकते. पाहुण्याचं सोडाच, घरच्या माणसाच्या बशीतही ती जात नाही. आमच्याकडे बाकी पुष्कळ गोष्टी खपतात, ही खपत नाही.

यंदा आंबा उतरायच्या आधी एका सकाळी ह्यांच्या हातून कप निसटला. भाजलं का, असं मी विचारलं तर उत्तर म्हणून जे आलं ते शब्दच नव्हते. शेजारची मंडळी गाडी घेऊन धावली म्हणून वेळेत दवाखान्यात पोचलो. मेंदूत लहानशी गुठळी होती. डॉक्टर मला बाहेर घेऊन म्हणाले, "बोलणं येईल, हातही सुधारेल. पण लक्ष ठेवा. विसरायला लागले, गोंधळायला लागले, स्वभावात फरक वाटला, तर लगेच घेऊन या. आणि त्यांच्याशी वाद घालू नका." गोळ्यांच्या पिशवीबरोबर हे वाक्यही मी घरी घेऊन आले.

बोलणं खरंच आलं. उजवा हात जरा कमजोर राहिला, पण काठीवाचून चालायला लागले. आला नाही तो ह्यांचा स्वभाव. आमटीत चिंच जास्त झाली त्या दिवशी म्हणाले, छान झाली आहे. पेपरातल्या चुकांवर पेन्सिल फिरवायचं बंद झालं. कुंपणाच्या गडग्यापलीकडच्या शेजाऱ्याशी एका फांदीवरून जन्मभर भांडले, आणि आता म्हणाले, "राहू दे, घेऊ दे त्याला हवे तेवढे आंबे." शेजारी मला म्हणाला, "वहिनी, मास्तर किती निवळले हो." मी हसले, आत आले आणि ओट्याला धरून उभी राहिले. मला वाटत होतं, घरी आणला तो माणूस दुसराच आहे.

मुलीला ही शंका मी सांगितली नाही. ती मुंबईत नोकरी करते, ऐकलं असतं तर सगळं टाकून आली असती. शिवाय बोलले की ते खरं होईल, असं काहीतरी मनाने घेतलं होतं.

अशात दहावा भाग आला. मी खूश झाले. म्हटलं, हा वाचून तरी ह्यांचं डोकं तापेल. हे पडवीत बसून वाचायला लागले. फार हळू वाचत होते. चार पानं पुढे जायचे, दहा मागे यायचे, मग बोट पानात ठेवून माडांकडे बघत बसायचे. संपल्यावर मी चहा घेऊन गेले आणि विचारलं, "मग, कसा आहे?"

"छान आहे," हे म्हणाले.

मग मी वाचला. मेला इतका वाईट भाग होता की मला पहिल्यांदा हसूच आलं. पुस्तकाच्या सुरुवातीला बेटावरचे प्रधान सभा भरवतात आणि पुस्तक अर्धं झालं तरी ती सभा उठत नाही. वारे बांधणारी मुलगी दर प्रकरणात निघते आणि कुठेच पोचत नाही. मागचं सगळं पुन्हा सांगितलेलं. आणि शेवटी शेवटी आंधळा तांडेल धडधाकट होडीतून उतरतो, जेवायला बसतो, आणि इतकी वर्षं कुठे होतास बाबा, असं एक माणूस त्याला विचारत नाही. एवढी वर्षं जीव लावला त्या गोष्टीचं हे काय करून ठेवलं, म्हणून मला चीड आली. पण ती चीड टिकली नाही. ह्यांनी हे वाचलं आणि छान म्हणाले, हे आठवलं आणि मी पुस्तक मिटलं. तांडेल मेला होता, हे ह्यांना आठवतच नसेल का?

"तुला कसा वाटला?" हे त्या संध्याकाळी विचारायला लागले. फार निरखून बघत होते. वाद घालू नका, असं डॉक्टर म्हणाले होते.

"छान आहे," मी म्हटलं.

"हं," असं म्हणून ह्यांनी मान खाली घातली.

एवढ्यावर मी थांबायला हवं होतं, पण भीती गप्प बसू देत नव्हती. दुसऱ्या दिवशी आंबा कापला आणि त्यात साका निघाला, चांगला रुपयाएवढा. मी ती फोड बाजूला काढली. मग परत उचलली आणि ह्यांच्या बशीत ठेवली. रत्नागिरीचा माणूस आहे, बागायतदाराच्या घरचा आहे. डोकं कितीही बिघडलं तरी जीभ ओरडेल, अशी माझी अटकळ. ह्यांनी फोड तोंडात घातली. चावायचे जरा थांबले, माझ्याकडे बघितलं आणि मग सावकाश सगळी खाल्ली.

"गोड आहे," म्हणाले.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. हे झोपले की श्वास बघायची, उठले की पहिला शब्द काय येतो ते ऐकायची. माझं नाव घेऊन हाक मारली की बरं वाटायचं, आणि उद्या मारतील का, असं लगेच मनात यायचं. माणूस समोर खुर्चीत बसलेला असतानाच तो हरवत चाललाय, या भीतीला काय करायचं ते कुणी शिकवलेलं नसतं.

रविवारी दुपारी मुलीचा फोन आला. ह्यांना फोन धरायला त्रास होतो म्हणून मी स्पीकर लावला.

"बाबा, दहावा वाचलात? मी तर मध्येच फेकून दिला," ती म्हणाली. "तांडेल परत कसा आला? मेलेला माणूस येऊन चक्क जेवतो. तुम्ही अजून शिव्या घातल्या नाहीत, मी कधीची वाट बघतेय."

हे खुर्चीत सरळ झाले. "परत सांग."

"काय परत सांगू?"

"तांडेल. चौथ्यात मेला तो, होय ना?"

"मेलाच. तुम्ही पंप बघायला गेला होतात."

हे फोनकडे वाकले. "मला वाटत होतं, तो माझ्याच डोक्यात मेला. पुस्तकात तर जिवंत आहे, आणि तुझी आईसुद्धा काही बोलेना." मग खाकरून घसा साफ केला आणि म्हणाले, "मेल्या लेखकानं मारलंन कशाला आणि परत आणलंन कशाला?"

आणि मग जे सुरू झाले ते थांबेनात. सभा, प्रधान, कागदाची जाडी, छपाई, सगळ्यांचा उद्धार झाला. मुलगी तिकडे हसत होती. मी स्वयंपाकघरात जाऊन पदर तोंडाला लावून रडून घेतलं.

फोन झाल्यावर ह्यांनी मला हाक मारली. "त्या दिवशीचा आंबा," म्हणाले. "साका होता ना त्यात?"

"होता."

"मग वाढलास कशाला? तू वाढलास म्हणजे चांगलाच असणार. मी म्हटलं, डोकं गेलं तशी आता जीभ पण गेली. दवाखान्यातून आल्यापासून खोट काढायचा धीरच नव्हता, गपचूप खाल्ला." कमजोर हात दुसऱ्या हाताने धरला. "मला एकट्याला इतके दिवस घाबरवत ठेवलंस गो."

"एकट्याला कुठे," मी म्हटलं, आणि ती फोड मुद्दाम का वाढली ते सांगायला ह्यांच्याशेजारी बसले.