पाण्याचा दिवस

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळं आपलंही काही लिहावं असं वाटलं तरी हात अडखळतो. कुणाला हा आगाऊपणा वाटला तर त्यांनी सांभाळून घ्यावं.

शिकत असताना मी दुपारी शहरातल्या एका लहानशा कंपनीत शिकाऊ म्हणून जात असे. कुठल्या वस्तीत नळाला पाणी कधी येणार, याचे मेसेज आम्ही लोकांना पाठवायचो. संगणकावर प्रत्येक वस्तीचं एक काम ठरवलेलं होतं आणि संध्याकाळी ती सगळी कामं एकामागून एक आपोआप चालायची. ‘पाण्याचा दिवस’ हे व्हेरिएबल, म्हणजे बदलता येणारा रकाना, सगळ्यांसाठी मिळून वर एकदाच भरलेलं असे. एखाद्या वस्तीचा दिवस वेगळा असला, तर तो फक्त तिच्या कामात भरायचा. मग तिथं वरचा सोडून तोच धरला जाई.

मला शिकवणाऱ्या ताई म्हणायच्या, "भाजी सगळ्यांना एकच. ज्याला पथ्य आहे त्याच्या ताटात वेगळी वाढ. पातेल्यात हात घालू नको, बाबा."

त्या दिवशी ताई लवकर निघाल्या. छावणीच्या बाजूला एका वस्तीत दुरुस्ती होती, तिथलं पाणी उद्याऐवजी परवा येणार होतं. तेवढा बदल मी केला. कामं सुरू झाली, आणि जिना उतरताना एकदम मनात आलं, मी ‘परवा’ नक्की कुठं लिहिलं? वर, की त्या वस्तीच्या कामात? दोन्ही रकाने दिसायला सारखेच. कामं चालू असताना ते पान मला उघडता येत नसे. ताईंचा फोन लागेना.

वर लिहिलं असेल तर सगळ्यांनाच ‘परवा’ गेलं. लोक निवांत झोपतील, पहाटे पाणी येऊन जाईल, आणि पुढची पाळी थेट आठवड्यानं. रस्त्यात कुणाच्याही हातात फोन दिसला की मी वळून बघत होतो.

खोलीवर आलो, तर घरमालकीण मावशी पिशवी भरून दारात उभ्या.

"वेरूळला चालले लेकीकडं. उद्या पाणी नाय म्हणं."

"कोण म्हणालं, मावशी?"

"शेजारीण. तिच्या भावाला मेसेज आलाय."

"भाऊ कुठं राहतो?"

"मला काय ठावं? सोयरीक जमवतोस व्हय त्याची?"

मला हसू येईना. "तुम्हाला आला का मेसेज?"

"मघाशी वाजला फोन. चष्मा पिशवीत तळाला गेलाय. तूच वाच."

मी फोन हातात घेतला, पण बोट पुढं होईना.

"अरं, साप बसलाय का त्यात?"

मी मेसेज उघडला. आधी मनात वाचला, मग पुन्हा वाचला, आणि शेवटी मोठ्यानं वाचला, "आपल्या भागात उद्या पहाटे पाणी येईल." म्हणजे ‘परवा’ फक्त त्या एका वस्तीलाच गेलं होतं; शेजारणीचा भाऊ तिथलाच असणार.