न चाखलेले मोदक

माझ्यावर कुणाचाही विश्वास बसला नाही. नवऱ्याचा नाही, पोटच्या मुलीचा नाही, मंडळातल्या बायकांचा तर नाहीच. आता त्याच बायका हळदीकुंकवाला आल्या की म्हणतात, "मावशी, तो फोनवरचा किस्सा सांगा ना." सांगते. पण तो एकटा सांगून कळत नाही. दुकानातले किस्से कढईच्या बुडाला खरपुडी धरावी तसे एकावर एक बसलेत. वरचा खरवडला की खालचाही निघतो.

*

टेक्सासात, प्लेनो गावात मोहनअण्णांचं दुकान होतं. पुढे किराणा, मागे स्वयंपाकघर. मागे आम्ही दोघी, मी आणि लुपे. लुपे मेक्सिकोची. तिला मराठी येत नव्हतं, मला स्पॅनिश येत नव्हतं आणि इंग्रजी दोघींनाही बेताचंच, त्यामुळे आमचं कधी भांडण झालं नाही.

अण्णांचा एक नियम होता. भाजी चाखा, आमटी चाखा, पण नैवेद्याचे मोदक चाखायचे नाहीत. पहिल्याच महिन्यात मी गूळ बघायला सारणाची चिमूट जिभेवर ठेवली. अण्णांनी अख्खं पातेलं माझ्यासमोर कचऱ्यात उपडं केलं.

"मावशी, देवाच्या आधी तुमचं जेवण? उष्टं झालं सगळं."

लुपेला त्यातलं काय कळलं कोण जाणे. दुसऱ्या दिवसापासून मोदक असले की ती नाकातोंडाला रुमाल बांधून उभी. एकदा एक गिऱ्हाईक मागे डोकावलं आणि दरोडा पडलाय समजून पळालं.

*

गणपतीत मंडळाची मोठी ऑर्डर आली. उकडीच्या पाण्याला मी मीठ घातलं, नेहमीसारखं. पिठी आणायला वळले. परत येते तर अण्णा पातेल्यापाशी, हातात मिठाचा डबा.

म्हटलं, "अण्णा, मीठ घातलंय मी."

"माहितीये मला."

काय माहिती होतं ते संध्याकाळी कळलं. आरती झाली, प्रसाद वाटला. मंडळाच्या अध्यक्षांनी एक घास घेतला आणि भरल्या हॉलमध्ये विचारलं, "अण्णा, हे मोदक आधीच समुद्रात बुडवून आणलेत का?"

लोक हसले. अण्णा नाही हसले. माझ्याकडे बोट करून म्हणाले, "हिनं केलेत. उद्यापासून ही दुकानात दिसणार नाही."

इतकी वर्षं "अहो मावशी" म्हणणारा माणूस. एका मोदकात "हिनं"वर आला.

मी सांगत राहिले, मीठ दोनदा पडलंय, दुसऱ्यांदा अण्णांच्या हातून पडलंय. लोक तोवर पाणी पिण्यात गुंतले होते.

*

त्या सुमाराला गावात घरटी एक इंजिनियर बिनकामाचा बसला होता. सगळ्यांना सरकारी बेकार भत्ता मिळत होता, कुणी चकार शब्द विचारला नाही. आमच्याकडे ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, घर माझ्या पगारावर. मुलीनं माझाही क्लेम लावला. तर अण्णांनी हरकत घेतली. कारण दिलं, मिसकंडक्ट.

मी मुलीला विचारलं, "म्हणजे काय गं?"

"बॅड बिहेवियर, आई."

"कुणाशी?"

तिनं पत्र पुन्हा वाचलं. "मोदकांशी."

इंजिनियरला काढलं तर लेऑफ, मला काढलं तर मिसकंडक्ट. भत्ता नामंजूर झाला. अपील केलं. त्यात हरले तर भाडं थकणार, आणि प्लेनोतल्या कुठल्या स्वयंपाकघरात मला परत कोण उभं करणार?

*

साक्षीला कुणी हवं होतं. लुपेनं सगळं पाहिलं होतं. मी तिच्या घरी गेले. तिनं कॉफी दिली, माझा हात धरला आणि म्हणाली, "मावशी, नो पेपर्स."

मी कॉफी पिऊन निघाले. कागदपत्रांवाचून राहणारीला सरकारपुढे साक्षीला कसं उभं करणार.

मंडळातल्या बायकांकडे गेले तर त्या म्हणाल्या, "जाऊ द्या हो मावशी, देवाचं काम होतं."

मी म्हटलं, "देवाचं काम होतं तर देवानं काढायचं होतं मला. अण्णांनी का काढलं?"

*

सुनावणी फोनवर. एका टोकाला निकाल देणारी बाई, एका टोकाला अण्णा, एका टोकाला मी आणि मुलगी. मध्ये दुभाषा, बोलण्यावरून नागपूरकडचा.

अण्णा म्हणाले, "कुठलाही कुक पदार्थ चाखतो. हिनं चाखला नाही. शुद्ध निष्काळजीपणा."

मी म्हटलं, "चाखायला बंदी होती. उष्टं चालत नाही देवाला."

दुभाषा "उष्टं"वर अडला. शेवटी त्यानं सांगितलं, थुंकी लागलेलं.

बाईनं विचारलं, "कुणाची थुंकी?"

"कुणाचीच नाही. तेच तर सांगतेय."

अण्णा शांतपणे म्हणाले, "मी अशी बंदी कधीच घातली नाही."

मुलगी कानाशी पुटपुटली, "आई, वी आर लूझिंग."

मी तिला गप्प केलं, कारण मला अण्णांच्या मागे गल्ल्याचा खण वाजलेला ऐकू आला. त्यांनी फोन काउंटरवरच घेतला होता, स्पीकरवर टाकून. संकष्टी होती त्या दिवशी, म्हणजे मोदकांना रांग. तेवढ्यात रांगेतल्या एका बाईचा आवाज आला, अगदी स्वच्छ, "अण्णा, हे नैवेद्याला चालतील ना?"

मी म्हटलं, "दुभाषी भाऊ, निकाल देणाऱ्या बाईंना म्हणावं, अण्णांना विचारा. आज विकताय ते मोदक करताना कुणी चाखले का? आणि उत्तर जरा मोठ्यानं द्यायला सांगा."

तिनं विचारलं. गल्ला वाजायचा थांबला. रांगेत उभी सगळी इंजिनियर मंडळी, त्यांना दुभाषा लागत नव्हता.

अण्णा म्हणाले, "नाही. ते कुणीच चाखत नाही."

"म्हणजे बंदी आहे?"

"आहे."

"कुणी घातली?"

"मी नाही घातली."

"मग कुणी?"

अण्णांनी मोदकांचा डबा झाकला. बाईनं पुन्हा विचारलं, "ज्यानं घातली त्याचं नाव सांगा. रेकॉर्डवर घ्यायचंय."

अण्णांनी घसा खाकरला आणि म्हणाले, "गणपती."