एकतीस बायका, एक नंबर

टेपकाकूंच्या गळ्यात मोजपट्टी आणि तोंडात अख्खी गल्ली, असं लोक म्हणायचे. लोक काही फार चुकत नव्हते. कापड टेबलावर पसरेपर्यंत कुणाच्या जावेने कुणाला काय सुनावलं हे सांगून व्हायचं, आणि मशीनचं चाक थांबेपर्यंत चूक कुणाची याचा निकालही लागायचा. कंबरेचं माप तर त्या बाहेर बाकावर बसलेल्यांना ऐकू जाईल असं सांगत. "चौतीस. मागच्या खेपेला बत्तीस होती. माहेरी खाल्लंस की इकडेच कुणी लाड करतंय?" बाकावर खसखस पिकायची. कुणाला दिवस गेलेत हे सासूच्या आधी काकूंना कळे, आणि काकूंना कळलं की मग ते कुणाला कळायचं राहत नसे.

अशा या बाईने एक गोष्ट मात्र नऊ वर्षं पोटात ठेवली होती.

दुकानाच्या मागच्या अंगाला, कपडे घालून बघायला, पडदा लावलेली वीतभर जागा होती. एक आरसा, एक खुंटी, एक स्टूल. दर गुरुवारी दुपारी दवाखान्याच्या नर्सबाई पिशवी घेऊन येत. पिशवीत वर शिवायचं कापड, खाली इंजेक्शनांचा डबा. एकेक बाई पडद्याआड जायची, दंड चोळत बाहेर यायची, की तीन महिने पाळण्याची काळजी नाही. सरकारी दवाखान्यातही हेच इंजेक्शन फुकट मिळे. पण तिथलं बाकडं समोरच्या सलूनच्या आरशात स्वच्छ दिसायचं, आणि त्या आरशापुढे गालाला साबण लावून बसलेले असायचे यांचेच नवरे. म्हणून हा पडदा.

मग दवाखान्यात कॉम्प्युटर आला. तारीख चुकू नये म्हणून प्रत्येक बाईच्या फोनवर मेसेज जाणार, असं ठरलं. ठरलं ते चांगलंच होतं. फक्त यांच्यात एकीचाही फोन तिचा एकटीचा नव्हता. नवरा बघे, दीर बघे, पोरं त्यावर खेळत. नर्सबाईंनी नंबर विचारला तेव्हा पहिली म्हणाली, "काकूंचाच घाला." दुसरीनेही तेच सांगितलं. असं करत एकतीस झाल्या. मेसेज वाजला की काकू दारात येऊन हाक मारत, "अगं, तुझं फिटिंग राहिलंय. गुरुवारी ये."

त्या एकतिसांत काकूंची स्वतःची सून होती.

दुसऱ्या बाळंतपणात तिचं रक्त थांबेना. काकूंचा मुलगा तेव्हा ट्रक घेऊन चार दिवसांच्या वाटेवर होता. भांडं काकूंनी धरलं होतं, आणि ते किती वेळा रिकामं करावं लागलं, हे एवढी बोलकी बाई, पण तिने कुणाला सांगितलं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तिसरं नको. तिसऱ्याला ही वाचेल असं मी सांगू शकत नाही." मुलगा परत आला तेव्हा बायको उशीला टेकून बसलेली आणि बाळ न्हाऊन झोपलेलं. त्याने पाहिलं ते एवढंच. माणूस वाईट नव्हता. एकुलता एक, लहानपणी मशीनखाली बसून रिकाम्या रिळांशी एकटाच खेळलेला. "माझ्या घरात गलका पाहिजे," म्हणायचा. "चार तरी. डॉक्टर काय, सगळ्यांनाच घाबरवतात."

एके दिवशी वरच्या कचेरीतून तपासनीस आला. पोरगेलासा, हातात यादी.

"काकू, तुमच्या एका नंबरवर एकतीस बायका कशा? नावं खोटी निघाली तर नर्सबाईंची नोकरी जाईल."

काकूंनी त्याला चहा दिला, खुर्ची पुसून दिली. "तुमची कॉलर तिरकी बसलीय साहेब. कुठल्या गाढवाने शिवली? काढा, सरळ करून देते."

"राहू दे. नावांचं बोला."

"खोटी कशी असतील? ते पाचवं नाव वाचा. ती माझी सून. सख्ख्या सुनेचं खोटं नाव लिहायला मी काय वेडी आहे?"

साहेबाने पाचव्या नावापुढे खूण केली. हसला. "काळजी करू नका. एकही नाव कापणार नाही."

तो गेल्यावर काकू नर्सबाईंना म्हणाल्या, "असा गुंडाळला त्याला, की घडी मोडायची नाही."

साहेब शब्दाचा पक्का निघाला. नाव त्याने एकही कापलं नाही. नुसते नंबर दुरुस्त करायला घेतले. ज्या नावाची खात्री पटेल त्याच्यापुढे कुटुंबाच्या नोंदीतला नंबर घालायचा, म्हणजे घरच्या माणसाचा. आणि खात्री पटलेलं नाव तोवर एकच होतं.

रविवारी सगळे जेवायला बसले होते. मुलाचा फोन वाजला. त्याने वाचलं आणि हसायलाच लागला. "हे बघा, कुणाच्या तरी बायकोचं इंजेक्शन माझ्या गळ्यात. म्हणे पाळणा लांबवण्याची तारीख गुरुवारी." मग पुढची ओळ वाचली. तिथे नाव होतं.

त्याने बायकोकडे पाहिलं. तिने ताटाकडे.

"किती दिवस चाललंय हे?" तो आईकडे वळला. "आई, तुला माहीत होतं?"

"मला काय माहीत असणार?" काकू म्हणाल्या.

विचार करायच्या आत शब्द सुटला होता. सुनेने मान वर करून एकदा सासूकडे पाहिलं. नंबर कुणाचा होता, पडदा कुणाचा होता, ती काही बोलली नाही. उठली, ताटं उचलली.

मुलाने आरडाओरडा केला नाही. त्याने लांबच्या फेऱ्या सोडल्या, आणि गुरुवारी तो घरी राहू लागला.

काकू बाकीच्या तीस जणींच्या दारी गेल्या, जन्मात पहिल्यांदा हळू आवाजात बोलल्या. नंबर बदलू नयेत म्हणून नर्सबाईंनी वर अर्ज केला; 'सूचनेची नोंद घेतली आहे' असं उत्तर आलं. साहेबाने न कापलेली नावं मग बायकांनीच जाऊन कापून घेतली. गुरुवारी पडद्याआड आता फक्त कपडेच घालून बघतात.

पाच महिन्यांनी सून दुकानात आली. बाकावर दोघीतिघी बसल्या होत्या.

"कपडे घट्ट होतायत. उसवून सैल करून द्या."

काकूंनी तिला पडद्याआड नेलं. पट्टी कंबरेभोवती फिरवली, टोकं जुळवली, आकड्यावर अंगठा ठेवला आणि तशाच उभ्या राहिल्या. बाहेर बाक कान देऊन बसलेलं.

"किती झाली ते सांगा ना, आई," सून म्हणाली. "साऱ्या गल्लीचं सांगता."

काकूंनी अंगठा काढला नाही.