पुढे पळणारं चित्र

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही — बायकोलासुद्धा. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही दिगंबरला ओळखत नाही.

दिगंबर दुबलगुंडीचा, मी औरादचा. गुलबर्ग्याच्या कॉलेजात आम्ही एका खोलीत राहायचो. मी माठातलं पाणी प्यालो की तो माठ घासायचा. बोलायचा काही नाही — नुसता घासायचा, राख लावून, माझ्या डोळ्यांदेखत. आमच्या घरच्यांनी बुद्धाचा धर्म घेऊन किती वर्षं झाली होती. पण ते त्याच्या माठाला कोण सांगणार? मी मनात डूख धरला.

पुढे त्याच कॉलेजच्या प्रयोगशाळेत आम्ही दोघेही कामाला लागलो. ऐंशीचं दशक सरत आलं होतं. प्रयोगशाळेच्या सरांनी एक हेल्मेट बनवलं होतं — डोळ्यांपुढे दोन छोटे पडदे, मान वळवली की आतली रेघांची खोलीही वळायची. पण यंत्र मंद. मान आधी वळायची, चित्र मागून यायचं, आणि माणसाला मळमळायचं. यावर उपाय एकच — मान कोणत्या वेगाने चालली आहे ते बघून ती पुढे कुठे असेल याचा अंदाज करायचा आणि तिथलं चित्र आधीच काढायचं. किती पुढचा अंदाज करायचा, तो आकडा माझ्या हातात होता. जास्त धरला तर मान थांबते, चित्र मात्र पुढे पळतं.

बेंगळुरूहून पाहुणे आले. प्रयोग पसंत पडला तर दिगंबरला तिकडे नोकरी मिळणार होती. आणि आपल्याकडची खोड तुम्हाला ठाऊकच आहे ना — 'व्हय' म्हणताना आपण मान डोलावतो, इकडून तिकडे, तिकडून इकडे. मी आकडा वाढवून ठेवला. त्याने हेल्मेट चढवलं, आणि मी विचारू लागलो — दार दिसतंय का? खिडकी? टेबल? तो मान डोलावत 'व्हय, व्हय' म्हणत गेला. त्याचा आवाज कापायला लागला. मी थांबलो का? नाही, मी आणखी विचारलं. तो पाहुण्यांच्या बुटांवर ओकला.

फार बरं वाटलं मला. आकडा मी पुन्हा जागेवर नेऊन ठेवला.

पण सांगायचं होतं ते हे नाहीच. नंतर तो पायरीवर बसला होता, तोंड पांढरंफटक.

"कामून असं झालं रं? मशीन बिघडली का?"

"मशीन बरी हाय," मी म्हणालो. "तुज्याच डोक्यात खोट हाय. जपून ऱ्हा."

त्याने ते खरं मानलं. बेंगळुरूची नोकरी गेलीच; प्रयोगशाळाही त्याने सोडली. गावी परतून त्याने मोटारसायकल विकली, विहिरीच्या काठाला जाणं सोडलं, माळ्यावर चढणं सोडलं. धडधाकट माणूस — भिंत धरून चालायला लागला.

काही वर्षांनी औरादच्या बाजारात दिसला. "माज्या डोक्यावर काही औषध निघालं का रं?" त्याने विचारलं. मी नाही म्हणालो. बायकोच्या खांद्यावर हात ठेवून तो गर्दीतून निघून गेला. मी बघत उभा राहिलो, आणि त्या दिवशीही मला वाईट वाटलं नाही.