अण्णांचं नाव पेपरात आलं होतं

परदेशातल्या मराठी मंडळाच्या स्मरणिका समितीत एकदा नाव घातलं, की किस्से गोळा करावे लागत नाहीत. ते आपोआप साचतात, आणि राजीनामा दिला तरी साचतच राहतात! मी दोनदा दिलाय. दोन्ही वेळा अध्यक्ष म्हणाले, "बरं, पण ते प्रूफ तेवढं बघून टाका."

यंदाचा विषय अध्यक्ष जोगळेकरांनीच ठरवला : महायुद्ध संपल्यानंतरच्या दोन-चार वर्षांतल्या सिंगापूरच्या गमतीदार बातम्या. कारण घरगुती होतं. जोगळेकरांचे आजोबा, अण्णा, युद्ध संपल्यावर बोटीने इथे आले, आणि म्हणे त्यांचं नाव इथल्या इंग्रजी पेपरात छापून आलं होतं. गावी परतल्यावर हे त्यांनी मरेपर्यंत सगळ्यांना ऐकवलं. कशाबद्दल आलं होतं, ते मात्र कधी सांगितलं नाही. तर ती बातमी शोधायची, पहिल्या पानावर छापायची आणि गणपतीत अण्णांच्या फोटोचं अनावरण करायचं, असा बेत.

शोधायचं कुणी? मी आणि नीलेशने. नीलेश जुरोंग आयलंडवर इंजिनिअर. कंपनीच्या बसमध्ये जाता-येता तो लायब्ररीच्या साइटवर जुने पेपर चाळायचा. मी यिशुनच्या फ्लॅटमध्ये कुकर लावून चाळायचे. आणि जोगळेकर बुकित तिमाहच्या कॉन्डोतून फोन करून "सापडलं का?" विचारायचे. दिवसातून चारदा!

*

पहिली मीटिंग हॉकर सेंटरला, म्हणजे इथल्या सरकारी खाऊगल्लीत. कॉफीच्या रांगेत उभ्याउभ्याच नीलेशने बातमी वाचली. तांदळाची टंचाई, रेशन दुकानापुढे लांबच लांब रांग, आणि लोक काय करायचे, तर रांगेत आपली वीट नाहीतर टोपली ठेवून खुशाल घरी जायचे.

जोगळेकर भडकलेच. "काय अडाणी लोक! माणसाचा पत्ता नाही आणि म्हणे जागा माझी!"

"सर, हळू बोला," नीलेश म्हणाला.

कारण आम्ही तिघंही रांगेत होतो आणि आमच्या टेबलावर, इथल्या रिवाजाप्रमाणे जागा धरायला, जोगळेकरांचं टिश्यूचं पाकीट बसलं होतं.

*

मग एक वाचकाचं पत्र सापडलं. शेजारी रोज संध्याकाळी ढोल बडवतात, घरात आजारी माणूस आहे, हा प्रकार कधी थांबणार, वगैरे. नीलेशला ते इतकं आवडलं की त्याने लगेच मराठीत करून मंडळाच्या ग्रुपवर टाकलं. पत्र आपल्या आजोबांच्या काळातलं आहे, हे लिहायला मात्र विसरला!

दहा मिनिटांत मंडळाच्याच ढोल पथकाने जाहीर माफी मागितली. कुणीतरी लिहिलं, "आम्ही साडेसहालाच थांबलो होतो, माझ्याकडे व्हिडिओ आहे." दुसऱ्याने लिहिलं, "तक्रार करणारा आपल्यातलाच असणार, मला माहितीये कोण." आमचे उपाध्यक्ष तर फार कर्तबगार. त्यांनी लिहिलं, "मी स्वतः त्या गृहस्थांना भेटून आलो. गैरसमज दूर झालाय."

*

माझी लेक रिया बारा वर्षांची. तिला मी कौतुकाने त्या टंचाईबद्दल सांगत होते. तांदूळ नाही, पाव नाही, माणसं तासन्‌तास उभी.

"देन व्हाय नेव्हर गो जोहोर अँड बाय, लाह?" बाईसाहेब अस्सल सिंगापुरी इंग्रजीत म्हणाल्या. आम्ही सगळेच दर महिन्याला पूल ओलांडून मलेशियातल्या जोहोरहून किराणा आणतो ना, तेच डोक्यात!

मी तिला झापलं. इतिहासाची काही किंमत नाही, हाल माहीत नाहीत, असं बरंच बोलले. मग पुढचं पान उघडलं. जोहोरहून तांदूळ लपवून आणताना चौघांना पुलावर पकडलं होतं.

"सी?" म्हणाली आणि गेली.

*

त्या वेळचे अधिकारी दर महिन्याला जाहीर करत, पुढच्या महिन्यात परिस्थिती सुधारेल. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच.

"लोकांनी सहन तरी कसं केलं हो?" जोगळेकर म्हणाले. ही स्मरणिका गेले तीन महिने 'पुढच्या महिन्यात' छापायला जाणार होती.

*

आणि मग अण्णा सापडले. नीलेशने बसमधूनच फोन केला. "ताई, नाव आलंय. पण तुम्हीच वाचा."

आतल्या पानावर, कोपऱ्यात, हरवलेल्या माणसांची चौकशी. अण्णांचं पूर्ण नाव, गाव. बोटीने गेल्यापासून दोन वर्षं पत्र नाही, पत्नी काळजीत आहे, ठावठिकाणा माहीत असल्यास कळवावे. पुढच्या आठवड्यात, त्याच कोपऱ्यात, उत्तर : सदर गृहस्थ सुखरूप आहेत; आपला पत्ता कोणालाही देऊ नये, अशी त्यांची विनंती आहे.

मला इतका संताप आला की तशीच उठून जोगळेकरांकडे गेले. त्यांनी दोनदा वाचलं, मग कुजबुजले, "आईला यातलं काही कळता कामा नये. आणि अनावरण होणार! नाव आलंय की नाही पेपरात?"

धन्य! त्यांची आई, आम्ही सगळे त्यांना आजी म्हणतो, तिथेच मेथी निवडत बसल्या होत्या. वय अठ्ठ्याऐंशी, कान मात्र मुलापेक्षा तिखट.

"काय सापडलं गं? वाच."

मी जोगळेकरांकडे बघितलंच नाही. दोन्ही वाचून दाखवलं.

आजींचा हात थांबला. "सासूबाई सांगायच्या, त्या वर्षांत त्यांना कुणी हळदीकुंकवाला बोलवेना. नवरा आहे की गेला, हेच कळेना ना कुणाला. त्या म्हणायच्या, पत्रं बोटीबरोबर बुडाली असतील." मग एक काडी बाजूला टाकत म्हणाल्या, "आणि मामंजी परत आले ते पेपरात नाव आल्याची ऐट मिरवत."

जुडी पुन्हा पुढे ओढली. मेथी पूर्ण निवडली.

अनावरणाच्या दिवशी हॉल भरलेला. फ्रेम आजींनी स्वतः टॅक्सीतून आणली होती, शेल्यात गुंडाळून. कुणाला हात लावू दिला नाही. जोगळेकर माइकवर भाषण वाचत होते. "ज्या काळी समुद्र ओलांडायला वाघाचं काळीज लागायचं, त्या काळी..." आणि त्यांनी आईला खूण केली. आजींनी शेला ओढला.

फ्रेममध्ये नऊवारीतल्या एक बाई. कपाळभर कुंकू, नजर सरळ कॅमेऱ्यात.

जोगळेकर तोंड उघडं ठेवून उभे. टाळ्या वाजवाव्यात की नाही, कुणाला कळेना.

आजी माइकजवळ वाकल्या. "थांबलास का रे शरद? वाच की. तुझ्या आजीचा पत्ता दिलास तरी चालेल."