हायाशी-सानांचे बंद डबे

ओजिमा स्टेशनवर हायाशी-सान आमच्याआधी येऊन उभे होते. ऑगस्टचा उकाडा, आणि अंगात कोट, टाय, चकचकीत बूट. "वडिलांना भेटायला जायचंय ना, म्हणून," मुग्धा हळूच म्हणाली.

मुग्धा माझी मुलगी. टोकियोत आयटी कंपनीत आहे; मी तिच्याकडे सुट्टीला आलो होतो. हायाशी-सान तिच्याच इमारतीत राहतात, वय ऐंशीच्या पुढे. ओला कचरा कोणत्या वारी आणि बाटल्या कोणत्या वारी, हे तिला त्यांनीच शिकवलं. मी पुण्यात आयुष्यभर जुन्या फिल्म जतन करायची नोकरी केली, हे तिने एकदा त्यांना बोलता बोलता सांगितलं आणि माझी सुट्टी तिथेच संपली.

हायाशी-सानांचे वडील बेन्शी होते. (मूकपट चालू असताना पडद्याशेजारी उभं राहून गोष्ट सांगणारा तो बेन्शी.) बोलपट आले आणि त्यांचं काम गेलं. बंद पडलेल्या थिएटरातून त्यांनी एका अमेरिकन चित्रपटाची दोन रिळं घरी आणली होती. घरात प्रोजेक्टर नव्हता. ते मुलाला नुसतीच गोष्ट सांगायचे, सगळ्या पात्रांच्या आवाजात. मुलाने चित्र कधी पाहिलंच नाही. आता योकोहामातलं त्यांचं जुनं घर या महिन्यात पाडणार होते. "मरायच्या आधी एकदा बघायचंय," हायाशी-सान मुग्धाला म्हणाले होते.

खरं सांगतो, मला हाव सुटली होती. त्यांनी ज्या स्टुडिओचं नाव घेतलं, त्याचा इतिहास मी कित्येक वर्षं गोळा करतोय. घरचे त्याला खूळ म्हणतात. पुण्यात एका भलत्याच रिळाच्या तोंडाला त्या स्टुडिओच्या चित्रपटाचा वीतभर तुकडा जोडलेला मिळाला, तेव्हापासून हे लागलं. हॉलिवूड उभं राहण्याआधीची गोष्ट. न्यू यॉर्कसमोर, नदीच्या पलीकडे काचेच्या छताची एक शेड होती. दिवे कमजोर, म्हणून शूटिंग उन्हावर चाले. हिवाळ्यात नटांच्या तोंडची वाफ चित्रात दिसे. इतरांनी चोरून नकला काढू नयेत म्हणून प्रत्येक सेटवर कुठेतरी स्टुडिओची खूण टांगलेली असायची, एक छोटी घंटा. पुढे सगळे ऊन शोधत पश्चिमेला गेले, स्टुडिओ बुडाला, कोठाराला आग लागली. स्वतःच्या देशात त्याचं एकही चित्र उरलं नाही. पण प्रती देशोदेशी फिरत शेवटी जपानला पोचत, आणि परत पाठवायचं भाडं कोणी भरत नसे.

गाडीत मी हे सगळं रंगवून सांगत होतो. डब्यात दुसरं कोणी बोलत नव्हतं. "बाबा, हळू," मुग्धा दोनदा म्हणाली. योकोहामाला उतरल्यावर कोम्बिनीतून (कोपऱ्यावरचं सदा उघडं दुकान) ओनिगिरी घेतल्या, भाताचे त्रिकोणी मुटके. मी माझं वेष्टण ओढून फाडलं. समुद्री शेवाळाचा पापुद्रा प्लास्टिकमध्येच राहिला आणि भात बुटावर पडला. हायाशी-सानांनी न हसता स्वतःची सोलून माझ्या हातात दिली.

घर चढावर होतं, अर्धं रिकामं केलेलं. ही जुनी फिल्म भडकन पेटते, म्हणून डबे मी अंगणात सावलीत आणायला सांगितले. हायाशी-सान एकेक डबा दोन्ही हातांवर तोलत आले. वर रेशमी फडकं, देवाच्या पोथीला बांधतो तसं. खाली तेलकागद. त्याखाली चिकटपट्टी, आणि झाकणाच्या कडेला सगळीकडून मेण.

"दर नवीन वर्षाला फडकं बदलतो," ते म्हणाले. मुग्धा माझ्यासाठी मराठीत सांगत होती. "वडील गेल्यावर मेण मी लावलं. हवासुद्धा आत जाऊ दिली नाही. उघडून कधी पाहिलं नाही, हात लागून खराब होईल म्हणून."

ते मेण पाहून मला पुढचं कळलं. ही फिल्म म्हातारी होते तशी तिच्यातून वाफ निघते. ती बाहेर गेली तर फिल्म टिकते. कोंडली तर तीच फिल्मला खाते.

पहिला डबा उघडला. जुन्या मोज्यांसारखा आंबूस वास आला. आत तपकिरी, चिकट ढेकूळ. कुठेही चित्र नव्हतं.

 हायाशी-सानांनी विचारलं, "मी नीट सांभाळलं होतं ना?"

मुग्धाने भाषांतर केलं आणि लगेच म्हणाली, "बाबा, हो म्हणा. प्लीज."

मलाही हो म्हणायचं होतं. पण दुसरा डबा तसाच मेणात बंद होता, आणि माझ्या "हो"नंतर त्यांनी तो पुन्हा तसाच गुंडाळून ठेवला असता. मी म्हणालो, "सांग त्यांना. मेणामुळे गेलं."

मुग्धाचे डोळे भरले, पण तिने सांगितलं. हायाशी-सान खाली बसले. त्यांचा चेहरा मला बघवेना. मग ते उठले, कोट सारखा केला आणि त्या ढेकळापुढे कमरेत वाकले. "ओत्सुकारेसामा देश्ता." (ऑफिसातून घरी निघालेल्याला म्हणतात ते: दमलात, आभार.) आणि आत जाऊन सुरी घेऊन आले. दुसऱ्या डब्याचं मेण त्यांनी स्वतः कापलं. मला हात लावू दिला नाही.

याही रिळाच्या कडा चिकटल्या होत्या. पण थोडी फिल्म सुटली. मी ती आभाळासमोर धरली. खिडकीपाशी एक बाई, आणि तिच्यामागे भिंतीवर घंटा. तोच स्टुडिओ. संवादांच्या पाट्या कापून टाकलेल्या दिसल्या. बेन्शी असताना त्या कोणाला हव्या होत्या?

ते ढेकूळ फायर ब्रिगेड घेऊन गेली. दुसरं रीळ जुन्या फिल्म दुरुस्त करणाऱ्या एका प्रयोगशाळेच्या गाडीतून गेलं, कारण ट्रेनमध्ये ते न्यायला बंदी.  सुट्टी संपली आणि मी पुण्याला आलो.

पावसाळा संपता संपता मुग्धाचा फोन आला. रीळ अर्धंमुर्धं वाचलं होतं. प्रयोगशाळेच्या लहानशा खोलीत ते दाखवलं, हायाशी-सान पहिल्या रांगेत. सगळ्यांना वाटलं, ते उठून वडिलांची गोष्ट सांगतील. त्यांना ती तोंडपाठ आहे. ते शेवटपर्यंत गप्प बसून राहिले. नंतर मुग्धाने विचारलं, तुम्ही बोलला का नाहीत?

"वडील बोलत होते," ते म्हणाले. "मी ऐकत होतो."

फोन ठेवल्यावर मी रडलो. स्टुडिओच्या इतिहासात हे कुठे लिहायचं, मला अजून कळलेलं नाही.