भरलेल्या बाटल्या

कुणी भुताखेतांच्या गोष्टी सांगू लागलं की मी सरळ उठून चहा टाकायला जाते. पशुवैद्य आहे मी... मेलेला प्राणी मेलेलाच असतो, एवढं मला कळतं. तरीही हे लिहितेय, कारण मनातून जात नाही.

दिल्लीतल्या एका विद्यापीठात प्रयोगांसाठी ससे ठेवलेले असत. त्यांचे हाल होत नाहीत ना, हे बघणाऱ्या समितीवर मी होते. पिंजऱ्याला पाण्याची बाटली उलटी अडकवतात. तिला खाली नळी आणि नळीच्या तोंडाशी स्टीलची गोळी. सशाने चाटलं की गोळी हलते, थेंब येतो आणि टिक-टिक वाजतं. हा आवाज मी झोपेतही ओळखेन.

दिवाळीचा पाडवा होता. गाझियाबादच्या आमच्या फ्लॅटमध्ये दुपारची पानं वाढली होती. पहिला घास घेतला आणि टिक-टिक सुरू झालं... अगदी कानाशी. घाईघाईचं, न थांबणारं.

"कसला आवाज येतोय रे हा?"

"कुठे काय? फ्रिज असेल यार. जेव ना शांतपणे," नवरा म्हणाला.

फ्रिज बंद केला. तरी वाजतच होतं! शेवटी सशांची देखभाल करणाऱ्या रामकिशनला फोन लावला.

"सब बढ़िया है, मैडम. परसों नई बोतलें लगाई थीं, अभी तक ऊपर तक भरी हैं. दोबारा भरनी ही नहीं पड़ीं."

मी ओरडलेच, "अरे, भरी हैं मतलब पी नहीं पा रहे! कटोरियों में पानी रखो, अभी के अभी!"

भरल्या ताटावरून उठले. नवऱ्याने गाडी काढली.

पोचलो तेव्हा ससे वाट्यांत तोंड घालून पीत होते. कडेच्या पिंजऱ्यातली पांढरी मादी मात्र गेली होती. रामकिशन तिला मांडीवर घेऊन बसला होता. "मैं तो रोज देखता था, मैडम... भरी दिखती थीं." त्याला काय बोलणार? मलाच रडू आलं.

मग एकेक नळी तपासली. सगळ्या गोळ्या घट्ट अडकलेल्या — नखाने ढकलूनही हलेनात. म्हणजे नव्या बाटल्या लावल्यापासून त्या खोलीत 'टिक' असा एकही आवाज होणं शक्य नव्हतं. मग माझ्या घरी काय वाजत होतं?

"आपको कैसे पता चला?" रामकिशनने विचारलं. त्या मादीला मी हातात घेतलं, तर तिचं पोट अजून गरम होतं. मी फ्रिजपाशी वेळ घालवला नसता, तर ती वाचली असती का, हेच मी स्वतःला विचारत राहते.